बिनधुराच्या गाडीचा हिशेब

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते इंजिनात जळले की सायलेन्सरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलो द्रवातून त्याच्या तिप्पट वजनाचा वायू निघतो, कारण जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वाढलेले वजन त्या ऑक्सिजनचे असते. डिझेलचा आकडा आणखी थोडा वर, लिटरमागे जवळजवळ २.७ किलो.

शहरातल्या वाहतुकीत लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मध्यम आकाराची पेट्रोल मोटार शंभर किलोमीटरसाठी पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. सायलेन्सरमधून त्याचा १५ किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. पण पेट्रोल पंपापर्यंत आपोआप येत नाही. समुद्रतळाखालून किंवा वाळवंटातून तेल उपसायला, टँकरमधून ते देशोदेशी न्यायला, शुद्धीकरण कारखान्यात तापवून त्याचे घटक वेगळे करायला इंधनच जळते. अनेक विहिरींवर तेलाबरोबर येणारा वायू साठवणे परवडत नाही म्हणून तिथेच पेटवून दिला जातो. पंपाआधीच्या या खर्चापोटी आकड्यात साधारण पाचवा हिस्सा मिळवावा लागतो. मग शंभर किलोमीटरचे एकूण उत्सर्जन १८.४ किलोंवर जाते. पुढच्या तुलनेत पेट्रोलच्या बाजूने हाच आकडा धरला आहे.

विजेच्या मोटारीला सायलेन्सर नसतो, त्यामुळे तिचा धूर शोधायला दूर जावे लागते. आधी तिची जमेची बाजू पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे वरच्या मोटारीने शंभर किलोमीटरसाठी ६० युनिट ऊर्जा जाळली. त्यातली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन गेली. चाकांना मिळाली ती जेमतेम पाव हिस्सा. तेवढ्याच आकाराची विजेची मोटार बॅटरीतल्या सुमारे १३ युनिटांत तेच अंतर कापते. विद्युत मोटर फार थोडी ऊर्जा उष्णतेत घालवते, शिवाय वेग कमी करताना त्यातली काही वीज होऊन बॅटरीत परत येते. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून घरच्या मीटरवर साडेचौदा युनिट पडतात. वीजकेंद्रापासून घरापर्यंतच्या तारा आणि रोहित्रे यांतली गळती धरली, तर केंद्रात १७ युनिटांच्या आसपास वीज तयार व्हावी लागते.

ही सतरा युनिटे कशापासून तयार होतात, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. भारतातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे, आणि औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्साच विजेत उतरतो. इंजिनात वाया जाणारी उष्णता वाचली, ती अशी बॉयलरपाशी पुन्हा गाठतेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशातल्या सरासरी युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सतरा युनिटांचा १२.२ किलो. पेट्रोलच्या बाबतीत विहीर ते पंप हा प्रवास मोजला, तर इथेही खाणीतून कोळसा काढणे आणि रेल्वेने वाहून नेणे मोजायला हवे. ते धरून १३ किलो. एकीकडे १८.४ आणि दुसरीकडे १३. फरक चांगला आहे, पण जाहिरातींतल्या ‘शून्य उत्सर्जना’पासून तो बराच लांब आहे.

कोळशाचा वाटा

कार्बन डायऑक्साइड वातावरणात सर्वत्र मिसळतो. तो मुंबईत सुटला काय आणि ओस्लोत सुटला काय, तापमानवाढीला सारखाच. राख, गंधक आणि धूलिकण यांचे तसे नसते. ते जिथे निघतात तिथल्या आणि वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या माणसांच्या छातीत जातात.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. एका युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. सतरापैकी तेरा युनिटे कोळशाची धरली, तर शंभर किलोमीटरच्या फेरीमागे नऊ किलो कोळसा जळतो आणि तीन किलो राख उरते. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग विदर्भातून येतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे, गोंदिया जिल्ह्यातले तिरोड्याचे खाजगी केंद्र ३,३०० मेगावॉटचे, शिवाय नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर तिच्यात बरेच वर होते. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत पसरला. अशा वेळी राखेचे गणित किलोत राहत नाही.

धुराड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर मर्यादा घालणारे नियम २०१५ मध्ये झाले. तो वायू धुवून काढणारी यंत्रणा बसवण्याची मुदत मग पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना तीतून सूटच मिळाली. पुण्यातल्या चौकातला धूर विजेच्या गाडीने कमी होतो यात शंका नाही. पण त्यातला काही विदर्भात मुक्कामाला जातो, हेही नोंदवले पाहिजे. मोटार घेणारा आणि राख झेलणारा हे सहसा एका गावचे नसतात.

चौकातला धूर हटण्याचे मोल तरीही मोठे आहे. सायलेन्सर माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर आणि गर्दीच्या मधोमध असतो. सिग्नलला थांबलेला दुचाकीस्वार, फुटपाथवरचा विक्रेता, शाळेच्या रिक्षातली मुले यांच्या नाकापासून तो हातभर अंतरावर. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ झाला, पण गाडी जुनी होते, तिची देखभाल राहून जाते, आणि चाचणीतला धूर व रस्त्यावरचा धूर एकच असेल याची खात्री नसते. फोक्सवॅगनचे प्रकरण २०१५ मध्ये उघड झाले तेव्हा कंपनीने डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारी प्रणाली बसवल्याचे दिसले. रस्त्यावर त्याच गाड्या नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट सोडत होत्या. लाखो सायलेन्सर सुधारण्यापेक्षा मोजकी धुराडी सुधारणे सोपे, हा विजेच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा आहे. धुराडी सुधारायची टाळाटाळ झाली की तोच मुद्दा निम्मा होतो.

पेट्रोलच्या मोटारीला न मिळणारा एक फायदाही इथे आहे. आज घेतलेली पेट्रोल मोटार बाराव्या वर्षीही लिटरमागे तेवढाच वायू सोडेल. इंजिन झिजल्यावर कदाचित जास्तच. विजेच्या मोटारीचा आकडा मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा मालकाने काही न करता उतरतो. जून २०२५ मध्ये भारतातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग कोळसा आणि वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. ही बातमी वाचताना स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांची गल्लत होते. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगाळ दिवशी थोडेच देतो. म्हणून क्षमतेत निम्मा असलेला वाटा प्रत्यक्ष विजेत अजून पावाच्या आसपासच राहतो.

त्यामुळे गाडी कोणत्या वेळी चार्ज होते याला महत्त्व आले आहे. दुपारी बारा वाजता ग्रिडमध्ये सौर विजेचा भरणा असतो. संध्याकाळी सात नंतर ती संपते आणि दिवे, पंखे, एसी यांचा भार कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे आणि मुख्यतः कोळसा उचलतात. बहुतेक मोटारी घरी येतात आणि प्लगला लागतात त्या नेमक्या याच वेळी. वेळेनुसार वीजदर ठेवण्याचे केंद्राचे २०२३ चे नियम सौर तासांतली वीज १० ते २० टक्के स्वस्त ठेवायला सांगतात. कार्यालयांच्या आणि कारखान्यांच्या वाहनतळांवर दिवसा चार्जिंगची सोय झाली तर त्या सवलतीला अर्थ आहे. मोटार दिवसभर कचेरीत उभी आणि चार्जर मात्र सोसायटीत, अशा मांडणीत तो फारसा नाही. छपरावर सौर पॅनेल असलेल्या घराचे बिल नेट मीटरिंगमुळे शून्य येते, पण रात्री त्या घरातल्या गाडीत जाणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते. दुपारी त्या छपराने ग्रिडला दिलेल्या विजेमुळे दुसरीकडे कुठे तरी कोळसा वाचला, एवढाच त्या शून्याचा खरा अर्थ.

बॅटरीचे कर्ज

मोटारीचा सांगाडा, काचा, आसने, चाके बनवण्याचा खर्च दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखा येतो, म्हणून तुलनेत तो सोडून देता येतो. बॅटरी सोडता येत नाही. तिच्यातली खनिजे शुद्ध करायला मोठी उष्णता लागते. धातूच्या पातळ पत्र्यांवर लेप चढवून तो वाळवायला आणि जोडणीची दालने पूर्ण कोरडी ठेवायला वीज लागते. जगातल्या बहुतेक बॅटऱ्या चीनमध्ये तयार होतात आणि तिथली निम्म्याहून अधिक वीज कोळशाची आहे.

स्वीडनच्या आयव्हीएल या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१७ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड हा अंदाज दिला. विजेची गाडी पेट्रोलपेक्षा वाईट, असे सांगणाऱ्या मजकुरांत हा आकडा अजूनही फिरतो. त्याच संस्थेने २०१९ मध्ये नवी माहिती घेऊन तो ६१ ते १०६ किलोंवर आणला, कारण मधल्या काळात कारखाने मोठे झाले आणि युनिटमागे लागणारी ऊर्जा घटली. सुधारलेला आकडा मूळ आकड्याइतका पसरला नाही.

मधला ७५ किलोंचा दर धरला, तर ४० युनिटांची बॅटरी तीन टन कार्बन डायऑक्साइडचे कर्ज डोक्यावर घेऊन शोरूममध्ये येते. भारतीय विजेवर ही मोटार शंभर किलोमीटरमागे साडेपाच किलोंची बचत करते, म्हणजे कर्ज फिटायला साधारण ५५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साडेचार वर्षे. ॲपवर बोलावल्या जाणाऱ्या टॅक्सीला वर्ष-सव्वा वर्ष. आणि फक्त रविवारी गाडी काढून वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर जाणाऱ्याला अकरा वर्षांहून जास्त. धडधाकट छोटी पेट्रोल मोटार विकून केवळ पर्यावरणासाठी नवी विजेची मोटार घेणाऱ्या या शेवटच्या गटाने आपला हिशेब पुन्हा मांडून पाहावा. पूर्ण आयुष्यात दोन लाख किलोमीटर धरले, तर पेट्रोल मोटारीचे जवळजवळ ३७ टन होतात. विजेच्या मोटारीचे बॅटरीसकट २९. वाचतात आठ टन, म्हणजे पाचवा हिस्सा.

स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये चार प्रदेशांतल्या मध्यम आकाराच्या मोटारींचा जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब काढला. विजेच्या मोटारीचे उत्सर्जन युरोपात पेट्रोल मोटारीपेक्षा ६६ ते ६९ टक्क्यांनी, अमेरिकेत ६० ते ६८ टक्क्यांनी, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्क्यांनी आणि भारतात १९ ते ३४ टक्क्यांनी कमी निघाले. गाडी एकच असली तरी तिच्या मागच्या वीजकेंद्राने निकाल ठरवला. नॉर्वेत तर जवळजवळ सगळी वीज धबधब्यांची आणि धरणांची. तिथे आपल्या उदाहरणातले तीन टन पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये फिटतात. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. नॉर्वेने हे सगळे तेल आणि वायू परदेशी विकून मिळालेल्या श्रीमंतीच्या आधारावर केले, हा या कथेतला गमतीचा भाग. ते विकलेले तेल दुसऱ्या देशांच्या खात्यावर जळते.

विजेची की पेट्रोलची, या वादात गाडी केवढी हा प्रश्न मागे पडतो. विजेच्या स्कूटरला तीन युनिटांची बॅटरी पुरते. तिचे कर्ज सव्वादोनशे किलो, आणि पेट्रोलच्या स्कूटरशी तुलना केली तर ते सात-आठ हजार किलोमीटरमध्ये फिटते; भारतातल्या विजेवर, कोळशासकट. दुसऱ्या टोकाला, चाकणला बनणाऱ्या नव्या मोठ्या एसयूव्हींत ७९ युनिटांपर्यंतची बॅटरी आहे. तिचे कर्ज सहा टनांच्या घरात जाते. अमेरिकेतल्या विजेवरच्या हमर गाडीची नुसती बॅटरीच १,३०० किलोंहून जड, म्हणजे एका आटोपशीर मोटारीपेक्षा जड. एवढ्या बॅटरीत तयार होऊ शकणाऱ्या स्कूटरी मोजल्या तर आकडा साठांच्या पुढे जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या विजेच्या वाहनांत दुचाकी आणि तीनचाकींचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. चर्चा मोटारींची होते, पण हवेतला फरक या लहान गाड्या आणि पुण्याच्या पीएमपीएमएलपासून एसटीच्या ‘शिवाई’पर्यंतच्या विजेच्या बसगाड्या जास्त पाडतात, कारण बस दिवसभर पळते आणि एका बॅटरीवर चाळीसेक माणसे नेते.

खाणी आणि विहिरी

बॅटरीच्या नावाने सर्वाधिक टीका लिथियमवर होते. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात, मिठागराखालचे खारे पाणी उपसून विस्तीर्ण तळ्यांत सोडतात आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. ऊन फुकट असल्याने कार्बनचा खर्च कमी पडतो, पण आटलेले पाणी गेले ते गेलेच. ते खारे होते, पिण्याचे नव्हते, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. खाऱ्या पाण्याचा उपसा आणि कडेच्या गोड्या पाण्याची पातळी यांचा जमिनीखाली संबंध असतो, असा तिथल्या आदिवासी गावांचा आणि रोहित पक्ष्यांच्या अभ्यासकांचा आक्षेप. ऑस्ट्रेलियात हेच लिथियम खडक फोडून काढतात. ग्रीनबुशेस ही तिथली सर्वांत नावाजलेली खाण. तो खडक चीनला नेऊन हजार अंशांहून अधिक तापमानात भाजावा लागतो, आणि टनामागचे उत्सर्जन मिठागराच्या लिथियमपेक्षा सुमारे तिप्पट होते. एका ठिकाणी पाणी जाते, दुसऱ्या ठिकाणी कोळसा.

जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात लिथियमचे ५९ लाख टनांचे साठे असल्याची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. हा आकडा धातुकाचा आहे, त्यात लिथियम अगदी थोडे. आणि सर्वेक्षणही प्राथमिक पातळीवरचे. चिनाबच्या खोऱ्यातल्या, भूकंपप्रवण हिमालयातल्या त्या उतारांवर खाण काढायची का, हा प्रश्न पुढे येईलच.

लिथियमपेक्षा कोबाल्टची कहाणी काळी आहे. जगातले ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. कोलवेझीच्या परिसरात मोठ्या कंपन्यांच्या खाणींशेजारी हातांनी खोदलेल्या बिळांतून माणसे, आणि अनेकदा मुलेही, धातुक काढतात. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या अहवालाने हे जगापुढे आणले. निकेलसाठी इंडोनेशियात सुलावेसी आणि हाल्माहेरा बेटांवरची जंगले तुटली आणि धातू वितळवण्यासाठी तिथेच कोळशाची नवी वीजकेंद्रे उभी राहिली. मात्र भारतातल्या बहुतेक विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या आहेत. रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ईव्ही त्यांतलीच. या बॅटरीत कोबाल्टही नसते आणि निकेलही. तेवढ्याच वजनात ती थोडी कमी वीज साठवते, पण स्वस्त पडते, जास्त वर्षे टिकते आणि सहसा पेट घेत नाही. कोबाल्टचा दाखला देऊन नेक्सॉनला नाकारणारा मनुष्य चुकीच्या गाडीवर राग काढत असतो.

तांब्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. विजेच्या मोटारीत सरासरी ५३ किलो तांबे असते, पेट्रोल मोटारीत २२. जगातल्या आजच्या खाणींत तांब्याच्या धातुकात शुद्ध तांबे टक्काभरही नसते, त्यामुळे वरच्या तीस किलोंसाठी पाच टनांच्या आसपास खडक दळावा लागतो. ४० युनिटांच्या बॅटरीतले लिथियम चार किलोंच्या आसपास. खडकातून काढले तरी त्यासाठी टनभराहून कमी धातुक पुरते. गाजावाजा लिथियमचा होतो, डोंगर जास्त पोखरला जातो तो तांब्यासाठी.

दुसऱ्या पारड्यात तेल आहे. वर ज्या पेट्रोल मोटारीचा हिशेब मांडला ती दोन लाख किलोमीटरमध्ये तेरा हजार लिटरांहून अधिक पेट्रोल जाळते. हे दहा टन पेट्रोल एकदाच वापरता येते. तेलाचे डागही त्याच्या पारड्यात घालावे लागतात. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान इथे २७ मे २०२० रोजी वायूच्या विहिरीचा स्फोट होऊन वायू आणि तेलाचे फवारे उडू लागले. ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीवर तेलाचा थर पसरला, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. नायजेरियातल्या ओगोनी भूमीत अर्धशतकाच्या गळतीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये पाहणी केली, तेव्हा एका गावच्या विहिरींत बेंझिन सुरक्षित मर्यादेच्या ९०० पट आढळले. सफाईला पंचवीस ते तीस वर्षे लागतील, असा अंदाज त्यांनी दिला. मुंबईत इतके लांब जायची गरज नाही. चेंबूरजवळच्या माहुलमध्ये शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्यामध्ये वस्ती आहे. तानसा जलवाहिनीवरून हटवलेल्या कुटुंबांनाही तिथेच घरे दिली गेली. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेच्या प्रदूषणासाठी तेल आणि साठवणूक कंपन्यांवर भरपाई बसवली.

भारतातले पेट्रोल आता पूर्णपणे भूगर्भातलेही राहिलेले नाही. २०२५ पर्यंत त्यात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. काही इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासून येते, पण महाराष्ट्रात त्याचा अर्थ मुख्यतः ऊस. ऊस वाढताना हवेतला कार्बन शोषतो, म्हणून कागदावर हे इंधन स्वच्छ दिसते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल तयार होण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या लातूरच्या शिवारातही ऊस उभा असतो. त्यातून लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एकतृतीयांश ऊर्जा कमी. अटाकामातल्या पाण्याची काळजी करणाऱ्याने मराठवाड्यातल्या पाण्याचीही तेवढीच करायला हरकत नसावी.

टायरची धूळ

बॅटरीमुळे विजेची मोटार तिच्या पेट्रोलच्या भावंडापेक्षा शे-दोनशे किलोंनी जड असते आणि जड गाडी टायर जास्त झिजवते. झिजलेल्या टायरचे आणि रस्त्याचे सूक्ष्म कण हवेत आणि गटारांतून नदीत जातात. ब्रेकचे मात्र उलटे: वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, म्हणून ब्रेकच्या पट्ट्या कमी घासतात. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०२० मध्ये दोन्ही बाजू एकत्र मोजल्या. छोट्या बॅटरीच्या हलक्या गाड्यांत अशी अतिसूक्ष्म धूळ साध्या गाड्यांपेक्षा ११ ते १३ टक्क्यांनी कमी निघाली. लांब पल्ल्याच्या जड गाड्यांत ३ ते ८ टक्क्यांनी जास्त. इथेही गाडीचे वजनच निर्णायक ठरते.

बॅटरी संपल्यावर

मोटारीच्या बॅटरीवर सहसा आठ वर्षांची हमी असते. त्यानंतर ती एकदम मरत नाही. क्षमता घटत जाते, आणि गाडीला अपुरी पडू लागलेली बॅटरी सौर वीज साठवायला आणखी काही वर्षे चालते. भारतात विजेच्या मोटारी संख्येने विकल्या जाऊ लागल्या त्या २०२० नंतर, त्यामुळे त्यांच्या थकलेल्या बॅटऱ्यांचा मोठा लोंढा अजून आलेला नाही.

आज प्रत्यक्षात हानी करत आहे ती जुनी शिशाची बॅटरी. उत्तर भारतातल्या असंख्य ई-रिक्षा तिच्यावर चालत आल्या. ती वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते, आणि बदललेल्यांतल्या पुष्कळ बॅटऱ्या विनापरवाना भट्ट्यांत फोडून वितळवल्या जातात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचा अंदाज दिला, आणि शिसे पसरण्याच्या प्रमुख मार्गांत या भट्ट्यांची गणना केली. त्या बॅटऱ्या सगळ्या ई-रिक्षांच्या नाहीत; प्रत्येक पेट्रोल मोटारीच्या बॉनेटखाली आणि घरोघरच्या इन्व्हर्टरमध्येही एक असतेच.

लिथियम बॅटरी कारखान्यात फोडली की तिची काळी भुकटी करतात आणि आम्लात विरघळवून एकेक धातू वेगळा काढतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वाहनांच्या बॅटरीतल्या पदार्थांपैकी २०२६-२७ पासून ९० टक्के परत मिळवणे बंधनकारक आहे. नव्या बॅटरीत पुनर्वापरातला माल २०२७-२८ मध्ये ५ टक्के आणि २०३०-३१ मध्ये २० टक्के असायला हवा. अडचण पैशांची आहे. निकेल आणि कोबाल्टच्या बॅटरीतून निघणारा माल महाग विकला जातो, म्हणून भंगारवाला तिच्यासाठी पैसे मोजतो. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीतून निघते ते लोखंड, फॉस्फेट, थोडे तांबे आणि ॲल्युमिनियम, आणि भाव सतत वरखाली होणारे चारेक किलो लिथियम. भाव पडला की ती सोडवण्याचा खर्चही निघत नाही. काँगोतल्या बिळांपासून भारतीय मोटारीला दूर ठेवणारी बॅटरीच भंगारात सर्वांत कमी किमतीची ठरते, आणि नियमांतले ९० टक्के गाठायचे तर तो तोटा उत्पादकाला किंवा मोटार घेणाऱ्याला भरून द्यावा लागेल.